स्वर्गातल्या तीन पाळ्या

कोंडाजी जॉबराला स्वप्नात स्वर्ग दिसला, असं नेरे गावात कुणी सांगितलं की नथू विणकर पचकन थुंकायचा. ज्या माणसानं बारा वर्षांत मागाला बोट लावलं नाही, नुसता पितळी बटणांचा कोट घालून मुकादमाच्या तोऱ्यात विणकरांवर डाफरत फिरला, त्याला देवानं दर्शन द्यायचं म्हणजे देवालाही काही कामधंदा उरला नसावा.

पण साल होतं अठ्ठावन्न, आणि मुंबईतली गिरणी बंद पडून पाच महिने झाले होते. मुळशीकडचे विणकर गावी येऊन नाचणीची भाकर आणि बायकांचे टोमणे खात बसले होते. आता सोमवारी गिरणी उघडणार होती. परत कुणाला घ्यायचं ती यादी कोंडाजीच्या खिशात होती, आणि नेऱ्याच्या यात्रेत कोंडाजी स्वतः रचलेलं कामगारांच्या स्वर्गाचं कवन म्हणणार होता. जो मान डोलावील तो कामावर. न डोलावील तो घरी.

"आज तोंड मिटून बसा," रत्नाबाईनं नवऱ्याला, म्हणजे नथूला, बजावलं. "नुसतं जी जी म्हना. पाच म्हैनं तुमचं थोबाड मी बघतीया. आता गिरनीला बघू द्या."

कुस्त्यांच्या आधी, भर दुपारी, देवळापुढं कोंडाजीनं डफावर थाप मारली.

"सोन्याचे माग तिथं, रुप्याचे धोटे,
अप्सरा चहा देती भरून लोटे,
तीन पाळ्यांचा भोंगा नारद वाजवी,
दारात उभा देव हजेरी लावी!"

"जी रं जी!" विणकर ओरडले. नथूही ओरडला. दोनदा. तिसऱ्यांदा मात्र तो हिशेब करू लागला. मेल्यावरही तीन पाळ्या? आणि रुप्याचे धोटे! मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत ओढायचं ते विणकरानं तोंडानं चोखून. त्यात नथूचे पुढचे तीन दात गेले होते आणि छातीत गादी भरेल एवढा कापूस साचला होता. तो शेजारच्या गेणबाच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला.

इथंच घात झाला. पंधरा वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाकडं कुजबूज शिल्लकच नसते. त्याची कुजबूज म्हणजे इतरांची नदीपलीकडं मारलेली हाक.

"मेल्यावर बी धोटं चोखायचं आसंल तर ह्या भाड्याला म्हनावं, आदी तूच मर आन् नमुना बघून ये!"

देवळावरची कबुतरं उडाली ती थेट माण गावाला जाऊन बसली. पलीकडच्या चांदे गावात एक म्हातारा सकाळपासून घरघरत होता, तो उठून बसला आणि विचारू लागला, "कोन मेलं?" खोटं वाटत असेल तर चांद्यात जाऊन विचारा, त्यानंतर तो नऊ वर्षं जगला.

गेणबाही पंधरा वर्षांचाच विणकर. तोही कुजबुजला, "आरं, जितं जॉबर हाय त्यो सर्ग कसला? त्यो तर गिरनीतला आपलाच मागांचा साचेखाता!"

मग जो तो कुजबुजू लागला. हसता हसता एकाचं धोतर सुटलं.

कोंडाजीनं डफ आपटला, पेन्सिल काढली आणि नथूच्या नावावर काट मारली. मग गेणबाच्या. मग जो जो दात काढत होता त्याच्या. बावीस नावं उडाली. उरला एकटा त्याचा मेव्हणा हैबतराव, तोही झोपला होता म्हणून.

नथूचं हसू विरलं. बायकांच्या घोळक्यात रत्नाबाई राखेसारखी पांढरी पडली होती. तिनं पदर खोचला, तेव्हा नथूला वाटलं, आता चारचौघांत आपला उद्धार होणार. पण ती त्याला ओलांडून सरळ कोंडाजीपुढं उभी राहिली.

"जॉबरसायब, सोमवारी माग कोन चालवनार? तुमच्या अप्सरा?"

कोंडाजीनं हैबतरावाकडं पाहिलं. हैबतराव घोरत होता. सोमवारी रिकाम्या हातानं गेलं तर मालक आधी पितळी बटणांचा कोट उतरवणार, हे कोंडाजीला स्वर्गापेक्षा स्वच्छ दिसलं. तो पारावर बसला आणि बावीस नावं पुन्हा लिहू लागला. एकेका नावाला इतका घाम, की वाटावं बाळंतीण अडली आहे. नथूचं नाव सगळ्यांत शेवटी, कागद फाटेस्तोवर दाबून.

"रातपाळी," तो दातओठ खात म्हणाला. "कायमची!"

"चालंल की," नथू म्हणाला. "रातच्याला तुमी झोपलेलं आसता."