बिनकामाची हाक

दुपारच्या सामसुमीत ताटाळ्यातून एक चमचा घसरला आणि फरशीवर खणकन पडला. “जेजू,” कारमेलीन म्हणाली, आणि मागच्या दारातून तो आत आला.

आत येऊन त्याने विचारलं, “काय झालं?”

कारमेलीनने चमचा उचलला, पदराला पुसला, जागेवर ठेवला आणि मोगऱ्याच्या कळ्या ओवायला पुन्हा खाली बसली. हाक कशाला मारली ते ती तोवर विसरूनही गेली होती. तो जरा वेळ उभा राहिला. मग बाकावरच्यांनी सरकून त्याला जागा करून दिली. त्या दिवसाचा तो अकरावा.

चुलीशी उभ्या असलेल्या जसिंताने, कारमेलीनच्या सुनेने, मनातल्या मनात आकडा मोजला आणि बोंबील उलटले.

त्या घरात हे असंच होतं. सासू दिवसभर येशूचं नाव घ्यायची. दूध उतू गेलं, जेजू. चष्मा सापडेना, जेजू. शेजारच्या इनासची बकरी केळीत शिरली, जेजू रे. आणि दर हाकेला तो यायचाच, होता तिथून उठून, लगबगीने; कधी एकाच पायात चप्पल, कधी हातांना लाकडाचा भुसा, कधी तोंडात अर्धा घास. काय झालं ते कळल्याशिवाय त्याला परत जाता येत नसे, आणि सांगायचं तर कुणाच्या लक्षात राहत नसे. म्हणून तो बसून राही. पुढच्या हाकेला तोच दारातून पुन्हा नव्याने येई, आणि बाकावर एकाची भर पडे.

जसिंता लग्न होऊन आली तेव्हा सासूची ही सवय नवीच होती, बाकावर पाच-सहा जणच होते. तिला वाटलं, सासरकडचे पाहुणे. सगळे इतके एकसारखे कसे, एवढंच तिला नवल वाटलं. तिने चहा केला. त्यांनी आधी कारमेलीनकडे पाहिलं आणि मग कप उचलले. आता सहा वर्षांनी माजघर त्यांच्यापायी लांबत लांबत गेलं होतं, पलीकडची भिंत धुक्यात असल्यासारखी दिसे. स्वयंपाकघर मात्र लांबलं नव्हतं. तिथे फ्रीज उघडायचा तर तिघांना उठवावं लागे.

“आय, ह्यांना काहीतरी सांगून वाटेला लावा की,” जसिंता एकदा म्हणाली.

“बसू दे गो. तुझं काय खातात?” सासू म्हणाली.

खात काहीच नव्हते. जसिंताचं दुखणं वेगळं होतं. एवढ्यांतला एकही तिच्या हाकेला आलेला नव्हता.

तिच्या माहेरी हे नाव पाहुण्यांच्या कपबश्यांसारखं कपाटात जपून ठेवलेलं असे. प्रार्थनेला काढायचं, परत नीट ठेवायचं. वडील देवळात मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. उगाच कुणाच्या तोंडून नाव निघालं तर ते जिभेवर खडेमीठ ठेवायचे आणि विरघळेस्तोवर समोर बसून राहायचे. असली धुतलेली जीभ घेऊन ती सासरी आली. रोज संध्याकाळी गुडघे टेकून, हात जोडून, सगळे शब्द जागच्या जागी ठेवून ती त्याला बोलावत असे. तो येत नसे. आणि इकडे सासूची सुई बोटाला टोचली की हजर.

तिला तो यायला हवा होता, एकदाच. दारात उभा राहून त्याने तिला, काय झालं, असं विचारायला हवं होतं. नवरा, नेल्सन, बोटीवर. त्याचा फोन आला की आधी आईशी बोलणं, मग लेकीशी, लिझाशी, आणि जसिंताच्या हातात फोन येईतो आवाज तुटायला लागे. जेजूला सांगायचं ते तिने केव्हाचं तयार ठेवलं होतं. की गेल्या महिन्यात एसटीच्या थांब्यावर, समोर रिकामी गाडी उभी होती तेव्हा, लिझाचा हात सोडावा आणि आपण एकटीनेच चढावं असं तिच्या मनात आलं. की ते नुसतं येऊन गेलं नाही, गाडी सुटून दिसेनाशी होईतो राहिलं.

हे तिने बाकाच्या टोकाला बसलेल्याला सांगून पाहिलं. पहिल्याच वाक्याला त्याने हात वर केला.

“तू नाही बोलावलंस,” तो म्हणाला. रागाने नाही. पोस्टमन चुकीचं पाकीट परत घेतो तसं.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर होते. सासूचा हेवा वाटतो, असं तिने सांगितलं. फादरनी विचारलं, कशाबद्दल.

“ती देवाचं नाव उगाच घेते.”

“मग ते तिचं पाप झालं.”

“त्याचाच वाटतो, फादर.”

 फादरनी प्रायश्चित्त म्हणून पाच नमो मारिया म्हणायला सांगितल्या.

त्या म्हणून झाल्यावर घरी येऊन तिने मुद्दाम चमचा पाडला. जरा थांबली आणि म्हणाली, “जेजू.” आवाज देवळातल्यासारखा निघाला. दारात कुणी आलं नाही. बाकावरच्या सगळ्यांनी मात्र माना खाली घातल्या आणि हात जोडले.

“जेवणाआधीची प्रार्थना झाली ना गो मघाशी?” सासू म्हणाली.

मग एकदा तेल उडून तिचं मनगट पोळलं. आता नाव आपसूक निघेल म्हणून तिने तोंड उघडं धरलं. जिभेवर खारट चव आली, बाकी काही नाही.

आणि मग ती दुपार. सासू फुलं द्यायला बाहेर गेलेली. चार वर्षांची लिझा स्वयंपाकघरात बाकावरच्यांच्या पायांमध्ये बसून कपड्यांच्या चिमट्यांचा मनोरा रचत होती. मनोरा कोसळला.

“जेजू,” लिझा म्हणाली, थेट आजीच्या सुरात.

तो आला. “काय झालं?”

“पडलं,” लिझाने सांगितलं.

त्याने वाकून चिमटे गोळा केले, तिच्या ओच्यात टाकले आणि आल्या दारानेच निघून गेला. सहा वर्षांत जसिंताने त्याची पाठ पहिल्यांदा पाहिली. सदऱ्याला खांद्यामागे ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं. ते कुणी लावलं असेल?

मिठाच्या बरणीकडे तिचा हात गेला. आईने करायचं ते तेवढंच होतं. तिने हात मागे घेतला आणि लेकीसमोर उकिडवी बसली.

“लिझा, परत म्हण.”

“कशाला? काही पडलं नाही.”

“माझ्यासाठी म्हण, बाय.”

“तुझ्यासाठी तू म्हण ना.”

“माझं त्याला ऐकू जात नाही.”

लिझाला हे पटलं. तिने म्हटलं. तो आला, हात ओले, घाईत निथळवलेले. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले, माजघरातलेही उठल्याचा आवाज दूरवर लांबत गेला, आणि स्वयंपाकघर इतकं आवळलं की जसिंताची पाठ भिंतीला टेकली. तो तिच्याकडे बघत नव्हता. लिझाकडे वाकला होता.

“काय झालं?” त्याने विचारलं.

लिझाने मागे वळून आईच्या गाऊनचं टोक मुठीत धरलं.

“आई, ह्याला काय सांगू?”