देवीच्या पायाशी सापडलेली होडी

अम्माकाचा नवरा वेगिसो आणि भाऊ गिमिओ मिठाची पिंपं घेऊन समुद्रापलीकडे ब्रिटानियाला गेले होते. बरोबरच्या नावा परत आल्या, यांची तेवढी आली नाही. अम्माकाचं कशातच चित्त लागेना. दागिने ओतायला भट्टीवर ठेवलेला काशाचा रस उकळत राही आणि ती नदीकडे बघत बसे. साचे फुकट जाऊ लागले. शेवटी आईला सांगून ती नेहालेनिया देवीच्या देवळाकडे निघाली. समुद्रातून सुखरूप आलेले खलाशी तिथंच नवस फेडायचे. कुणाला तरी काही ठाऊक असेल!

देवीच्या पायाशी, सफरचंदांच्या ढिगाजवळ, काशाची एक पिन पडली होती. होडीच्या आकाराची, पुढच्या टोकाला हंसाची मान, कडेनं निळ्या मिन्याची वल्ही. त्यातलं एक वल्हं वाकडं. घाईघाईत अम्माकाच्याच हातून वाकलेलं. वेगिसोच्या घोंगडीला तिनं स्वतः लावून दिली होती ती.

"ही कुणी वाहिली?" तिनं पुजारणीचं मनगट पकडलं.

"अगं, हात सोड माझा! एक लंगडा आला होता. ढसाढसा रडत होता. जीव वाचला तर हसावं की नाही माणसानं?"

"एकटाच होता?"

"एकटाच. मिठागरावर काम मिळेल का विचारत होता."

लंगडा म्हणजे वेगिसोच. जिवंत आहे! मग घरी का आला नाही? दुसरी कुणी बाई? आणि गिमिओ कुठंय? मिठागराच्या वाटेत ती बसली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. एकदा तर पळतच सुटली.

मिठागरावर धूर कोंदला होता. वेगिसो खाऱ्या पाण्याच्या कढईखाली जाळ सारत होता. तिला बघताच त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"गिमिओ?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. "खडकावर नाव फुटली. हात धरला होता गं मी त्याचा. निसटला. मला एका परक्या नावेनं उचललं."

ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत सुटली. "आणि तू इथं मीठ आटवत बसलास? आई रोज त्याचं जेवण काढून ठेवते रे!"

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"ह्याच! दुसरं आहे का तुझ्याकडे?"

मग भावाचं नाव घेत ती तिथंच राखेत बसून रडली. वेगिसो शेजारी उभा राहिला, तिला हात लावायचंही धाडस त्याला होईना.

घरी जायला नदी ओलांडायची होती. पैलतीरी नेणाऱ्या नावेच्या फळीवर त्यानं पाय ठेवला आणि खालचं पाणी दिसलं. त्यानं पाय मागं घेतला.

"फळीपर्यंत आलास आणि आता घाबरलास?" नावाडी हसला.

"तुम्ही गप्प बसा हो," अम्माका फटकारून म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली, "चल, वरच्या पुलावरून जाऊ. लांब पडेल, पडू दे."

वाटभर तिनं गिमिओबद्दल तेच तेच विचारलं. तो ओरडला का? काही म्हणाला का? वेगिसोनं प्रत्येक वेळी सांगितलं.

आई अंगणात मासे साफ करत होती. जावई दिसताच ती हसून उठली, त्याच्या मागं आणखी कुणी येतंय का म्हणून मान उंचावून बघू लागली. तेवढ्यात वेगिसो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला आणि तिनं विचारायच्या आत गिमिओचं सांगू लागला.