डावीकडची कमान

मिस्त्रींनी छिन्नी दोन पट्ट्यांच्या फटीत धरली आणि हातोडीचा एक नेमका घाव घातला. गंजाचा तांबडा पापुद्रा सुटून पायावर पडला, पण पट्टे जागचे हलले नाहीत. जीपच्या पुढच्या डाव्या चाकावरची ही कमान बावीस वर्षं एका शेडमध्ये उभी राहून दगड झाली होती. लांबापासून आखूडापर्यंत एकाखाली एक सात पट्टे. चाक खड्ड्यात गेलं की त्यांनी एकमेकांवर घसरायचं आणि धक्का गिळायचा, एवढंच त्यांचं काम. आता त्यांच्यामध्ये गंज फुगला होता आणि सगळी चवड एकजीव झाली होती.

उजवी कमान कालच सुटली होती. तिचे पट्टे घासूनपुसून भिंतीशी ओळीने टेकवले होते. प्रत्येकावर हातोडी मारून मिस्त्रींनी आवाज घेतला होता. धड पट्टा घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला नुसता थप्प करतो. उजवीकडचे सातही वाजले होते.

डावीला दोन दिवस डिझेल पाजलं होतं. मिस्त्रींनी पुन्हा छिन्नी लावली, पट्ट्यांना बांधून ठेवणारी लोखंडी कडी कापली आणि पहार घालून जोर दिला. कमान कडकन उघडली. सगळ्यात वरचा, सगळ्यात लांब पट्टा हातात आला तो दोन तुकड्यांत.

त्यांनी तुकडे उजेडात नेले. मोडलेली तोंडं आतपर्यंत काळीतांबडी होती. आज मोडलेलं लोखंड राखाडी चमकतं. हे फार पूर्वीचं मोडलेलं होतं. कडीने आणि गंजाने ते आजवर नुसतं धरून ठेवलं होतं. मोडीच्या कडेने वेल्डिंगची जाड रेघ गेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंचाने मारलेलं एकेक टिंब होतं. सांधा सरळ बसावा म्हणून अशी टिंबं मारायची सवय त्या गावात एकाच माणसाला होती.

मिस्त्री तुकडे हातात घेऊन बाकावर बसले.

तेव्हा ते तिशीच्या आतले होते. वेल्डिंगचं यंत्र नुकतंच घेतलं होतं आणि हाताला नवी खाज होती. जीपचे मालक जमिनी मोजणारे, गाडीवर जीव असलेले. त्यांच्या मुलीची दुसऱ्या गावी नोकरीची मुलाखत होती आणि नवा पट्टा यायला चार दिवस लागणार होते. मिस्त्रींनी जुन्या पट्ट्याला गेलेला तडा वेल्डिंगने भरून दिला. तिसऱ्या दिवशी मुलाखतीला जाताना जीप रस्ता सोडून डाव्या बाजूच्या झाडावर गेली. पुढे बसलेले मालक जागीच गेले, मागे बसलेली मुलगी वाचली. मुलगा गाडी चालवत होता, त्याला डुलकी लागली, असं सगळीकडे झालं. मिस्त्री अंत्ययात्रेत मागे मागे चालले, कुणाशी न बोलता घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कमानीचा पट्टा कधी वेल्ड केला नाही. गिऱ्हाईकाने कितीही गळ घातली तरी एकच उत्तर, नवाच घाला. पुढे लोक थट्टेने त्यांना ‘नवाच घाला मिस्त्री’ म्हणू लागले. खोटं काम न करणारा माणूस, असा त्यांचा लौकिक झाला. तो ऐकताना त्यांची मान दरवेळी थोडी अवघडायची. ती जीप एकदा जाऊन बघावी, असं त्यांना बावीस वर्षांत अनेकदा वाटलं होतं. गेले मात्र नव्हते.

जीप शेवटी स्वतःच आली. त्या मुलीने, म्हणजे आता शाळेत शिकवणाऱ्या ताईने, आईच्या पश्चात घर आवरायला काढलं. गाडी भंगारात द्यायला तिचं मन होईना. तिच्या लेकीला आजोबांची गाडी चालवायची होती. बाबा तुमच्याकडेच यायचे, म्हणून तुमच्याकडेच आणली, असं ती म्हणाली होती.

दुपारी तिचा धाकटा भाऊ आला. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, असं त्याचं आयुष्य. त्या अपघातानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आईने त्याला कधी दोष दिला नाही, पण जेवायला वाढताना त्याच्याकडे बघणं तिने सोडलं होतं. ताईने त्याला काम कुठवर आलंय ते बघायला पाठवलं होतं. शाळा सुटली की तीही येणार होती.

मिस्त्रींनी त्याच्यापुढे दोन्ही तुकडे ठेवले. मोडीचा रंग दाखवला. पुढचा मुख्य पट्टा असा तुटला की त्या बाजूचं चाक मागे सरकतं आणि गाडी तिकडे ओढली जाते, माणसाने किती का जोर लावेना, हे समजावून सांगितलं.

“भाऊ, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, गाडी डावीकडे ओढली गेली.”

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“म्हणालो होतो. पाच-सहा वेळा म्हणालो. मग माझं मलाच खरं वाटेना.”

मिस्त्रींनी टिंबं दाखवली आणि सांधा आपलाच असल्याचं सांगितलं. भाऊ बराच वेळ त्या टिंबांवर बोट ठेवून उभा राहिला, छापील ओळीवर ठेवावं तसं.

“हे काम तात्पुरतं आहे, असं बाबांना सांगितलं होतंत?”

हो म्हणणं सोपं होतं. खोटं पाडायला ज्याने यायचं, तो माणूस राहिला नव्हता.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “मी म्हणालो, निर्धास्त जा. मी जोडलेलं तुटत नाही.”

भावाने मान हलवली. राग येईल, तो अंगावर धावून येईल, याची तयारी मिस्त्रींनी सकाळपासून केली होती. तसं काही झालं नाही. तो फक्त म्हणाला की हे ताईला सांगू नका. मिस्त्रींनी हात जोडले. आता लपवणं आपल्याच्याने होणार नाही, असं ते सांगू लागले, तर त्याने मध्येच थांबवलं.

“तुम्ही सांगून मोकळे व्हाल, मिस्त्री. ती कशी होणार? आदळण्याआधी माझी मान खाली गेलेली पाहिली, असं तिनेच सांगितलंय सगळ्यांना.”

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. ताई पर्स खांद्यावर सावरत आत आली. उजवीकडचे घासलेले पट्टे बघून तिला बरं वाटलं. मग तिची नजर बाकावर गेली.

“हा कधी मोडला?”

“आत्ताच,” भाऊ म्हणाला. “काढताना.”

मिस्त्रींना इतक्या स्वस्तात सुटका पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“काढताना नाही, ताई. तेव्हाच मोडलाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार दिवसांचा उशीर, वेल्डिंगचं नवं यंत्र, निर्धास्त जा म्हणाल्याचंही. स्वतःची बाजू सावरणारा शब्द जिभेवर आला तिथे ते थांबले आणि तो गिळून पुढे गेले. ताईने तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडावरून तिने अंगठा फिरवला, तो तांबडा झाला. तिने तो पुसला नाही.

ती मिस्त्रींकडे बघतच नव्हती.

“मी झोपले होते,” ती भावाला म्हणाली. “गाडी आदळली तेव्हा जागी झाले. तुझी मान खाली होती. ते आदळल्यानंतरचं, मला कळत होतं. पण आई विचारत होती, सारखी विचारत होती, काय झालं, काय झालं... काहीतरी सांगायला हवं होतं.”

 भावाने तिच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि बाकावर दुसऱ्या तुकड्याशेजारी ठेवला.

“तू झोपलेली आरशात दिसत होतीस मला,” तो म्हणाला. “वाटलं, मध्येच कधीतरी जाग आली असेल तुला.”