खंडेनवमीले पाह्यलेली करवत

माह्या दोन नंदांची लग्नं मी जमवली, पोराचं जमवलं, भावकीतल्या कितीक पोरींचं जमवलं. कुठंच माही जीभ थकली नाई. पन आमच्या घरच्या मानसासाठी करवतीचं मशीन पसंत करनं म्हनजे, बाप्पा! नवरदेव परवडला. नवरदेवात एवढ्या खोडी कोनी काढत नाई.

आमचे हे, खुशालराव, आयटीआयमधे सुतारकीचे सर होते. अमरावती जिल्ह्यात कोनत्याबी फर्निचरच्या दुकानात जा, एखांदा तरी मानूस हातातलं काम टाकून 'सर' म्हनत उठते. रिटायर झाल्यावर घरामांगं टिनाचं शेड टाकून त्यात यायनं आपला कारखाना मांडला. स्टूल, पाट, नातीसाठी झुलता घोडा, देवळातल्या पेटीचं झाकन, असं काहीबाही चालू राहे. शेडमधून आवाज आला की मी सैपाकघरात निवांत असे. मानूस जाग्यावर आहे, हे त्या आवाजानं कळे.

मंग मागच्या उन्हाळ्यात ते झालं. यायनं एक मशीन स्वतःच जोडलं होतं. उघडा लोखंडी स्टँड, वर फळी, खाली मोटर अन् फळीच्या फटीतून वर आलेलं गोल पातं. सागाचा तुकडा कापता कापता पात्याले चिमटला अन् गोळी सुटल्यावानी मांगं आला. तुकडा उडाला, अन् त्याले दाबून धरलेला हात गेला पुढं. डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेले. तीस वर्षं पोरायले शिकवलं, अन् स्वतःच्याच मशीनीनं घात केला.

दवाखान्यातून आल्याबरोबर मी ते मशीन भंगारवाल्याले देल्लं, शेडले कुलूप ठोकलं अन् चाबी कंबरेले खोसली. म्हनलं, "बंद पेटीचं, चांगलं मशीन घरात येईन, तवाच हे कुलूप निघन. नाईतं नाई." मी अशीच आहे, तोंडाची फटकळ. पन यायनं भांडाव, आदळआपट कराव, असं मनातून वाटत होतं. कसचं काय! हे ओसरीवर खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. पेपर वाचत, तोच पुन्हा वाचत. कोनी आलं तं "या, बसा." बस. मानूस घरात असून नसल्यावानी झाला. मले माहा मानूस परत पाह्यजे होता. म्हनून मीच मशीनच्या मांगं लागली.

मले मशीनमधलं काय कळते? पन विचारून विचारून शिकली. पेटीच्या मशीनची मोटर अन् पट्टा लोखंडी पेटीच्या पोटात बंद असते. वरचा टेबल ओतीव लोखंडाचा, इतका जड की धक्का मारला तरी हालत नाई. अन् पात्याच्या मांगं एक पातळ पोलादी पट्टी उभी असते, ते कापलेलं लाकूड मिटू देत नाई. लाकूड मिटलं नाई तं चिमटत नाई, अन् चिमटलं नाई तं उसळत नाई. ते पट्टी ज्या मशीनले नाई, ते आपल्या घरात येनार नाई, असं मी सांगूनच टाकलं.

नितेश, आमचा पोरगा, पुन्याहून फोनवर फोटो पाठवे. "आई, हे बघ, हलकं आहे, स्वस्त आहे, घरपोच येतं." हे म्हनत, "पत्र्याचा डबा आहे. कापताना नाचन." बरं, नाचू नये म्हनून चांदूर बाजारले एका कारागिराकडं गेलो. त्याचं मशीन जड होतं, पन पात्यामांगची पट्टीच नवती. ते मीच नापसंत केलं. मंग अमरावतीतच एका दुकानात नवं कोरं पेटीचं मशीन पाह्यलं. मले तं लय आवडलं, पन ते थ्री फेजवर चालनारं, अन् आमच्या घरी सिंगल फेज. दुकानदार म्हने, मोटर बदलून देतो. हे म्हने, रंग बरोबर नाई.

"रंग?" मी म्हनलं. "सून आनून राह्यले का मशीन?"

त्याच्यानंतर आनखी दोन पाह्यले. एकाचं पातं वर-खाली कराचं चाक जड फिरते, एकाच्या टेबलाले ओरखडा आहे. पहिल्या दिवशी ज्या गोष्टीले हे स्वतः चांगलं म्हनत, दुसऱ्या दिवशी तीच वाईट. मी चिडली. "नाचता येईना, अंगन वाकडं! तुमाले घ्याचंच नाई, असं सांगा ना एकदा." हे उठून आत निंगून गेले. मले वाटलं, रागावले. वाटलं, बरं झालं, राग तरी आला.

दसऱ्याच्या आधी शेखरचा फोन आला. शेखर हा यायचा जुना विद्यार्थी, अकोल्यात दारं-खिडक्या बनवते. तो म्हने, "सर, इथं एक वकील होते, उद्धवराव. हौसेनं लाकूडकाम करत. वारले. त्यायच्या बाईकडं पेटीचं मशीन आहे, सिंगल फेजचं, पट्टीवालं. बाई नव्याच्या निम्म्या भावात देऊन राह्यल्या, पन भंगारात द्याले तयार नाईत. कामाचा मानूस पाह्यजे म्हनतात."

मी कॅलेंडर काढलं. दसऱ्याले मशीन घरात आलं तं याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कोनता? म्हनून नवमीले जाऊन पाहून घेऊ, दसऱ्याले आनू, असं मीच ठरवलं. नवमीच्या सकाळी उठून मी विळा, कुऱ्हाड, शिवनयंत्र, सगळ्याची पूजा केली. विळीलेबी हळदकुंकू वाह्यलं, म्हनून कांदा न चिरता तसंच पिठलं टाकलं. हे म्हने, "बिनकांद्याचं?" मी म्हनलं, "आज औजार चालवाचं नसते, माहीत नाई का?" एवढं स्वतःच्या तोंडानं बोलली, अन् तरी डोक्यात उजेड पडला नाई. बडनेऱ्याहून गाडीत बसलो, मूर्तिजापूर गेलं, अकोला आलं, तरी नाई पडला. अकोल्यातबी नवमीच असन, हे कोनाले कळाव!

प्रमोदिनीबाई साठीच्या पुढच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. बोलनं अगदी पुस्तकासारखं. आमाले पानी देल्लं अन् बाजूच्या गॅरेजचं शटर वर केलं.

मशीन मधोमध उभं होतं. हिरवी पेटी, अन् वर काळा-करडा टेबल, तेल पुसून आरशासारखा. त्यावर लाल कापड, कापडावर सुपारी, झेंडूची माळ, पात्याच्या अंगाले हळदकुंकवाचं बोट.

"चालवून दाखवता का, बाई?" मी विचारलं.

"आज?" त्यायनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी देवळात चपला घालून आली. "आज खंडेनवमी आहे, रुख्मिणीताई. आज याला विश्रांती. आमचे हे वकिलीची पुस्तकं नंतर पुजायचे, आधी याला हळदकुंकू. आजच्या दिवशी त्यांनी कधी बटण दाबलं नाही. मी वायरसुद्धा काढून ठेवली आहे."

मी कपाळावर हात मारला. अन् तेवढ्यात यायच्याकडं नजर गेली. इतक्या दूर आलो, भाडं गेलं, दिवस गेला, मानसानं तोंड पाडाव का नाई? पन हे तं खुशीत दिसले. खांदे सैल पडले, हसूबी आलं. "मंग काय," हे म्हने, "न चालवता कसं घ्याव? पुढं कधी येऊन पाहू. चाल."

ते हसू मले खटकलं. असं हसू मी लहान पोरायच्या तोंडावर पाह्यलं आहे, मास्तर सुटीवर आहे म्हनून कळल्यावर.

"थांबा," मी म्हनलं. "बाई, हातानं पाह्यलं तं चालते?"

"हाताने पाहायला काय हरकत आहे? मी उत्तरपूजा करते, फुलं उचलते. फक्त चालू करायचं नाही."

यायचा नाइलाज झाला. खिशातून पोलादी पट्टी काढली, टेबलावर आडवी-तिरपी ठेवून खालून उजेड दिसते का ते पाह्यलं. टेबल सपाट. लाकूड टेकवाचा आडोसा सरकवून घट्ट केला, दोन्ही टोकांनी मोजला. सरळ. चाक फिरवलं, पातं लोन्यातून वर याव तसं वर आलं. मोटरीवरची पाटी वाचली, सिंगल फेज. पात्यामांगची पट्टी मी स्वतः बोट लावून पाह्यली. खोड काढाले काहीच उरलं नाई.

"आता पातं हातानं फिरवून पाहा," मी म्हनलं. शेखरनं फोनवर तेच सांगतलं होतं, की पातं हातानं फिरवलं की आतलं बेअरिंग कसं आहे ते कळते.

यायनं हात पुढं केला. पात्यापासून वीतभर दूर तो थांबला. मंग मांगं घेतला, पँटले पुसला, पुन्हा पुढं केला. तो डावा हात होता.

"बेअरिंग गेलेलं आहे याचं," हे म्हने.

"हात न लावता कळलं तुमाले?"

यायनं हात खिशात घातला. प्रमोदिनीबाई शहाण्या. "मी चहा टाकते," म्हनून निंगून गेल्या.

तवा माह्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. यायनं माह्याजवळ चाबी एकदाबी मांगितली नवती. मले वाटे, मी यायले कोंडलं. अन् हे तं त्या कुलपाच्या आडोशाले बसले होते! पत्र्याचा डबा, चाक, ओरखडा, रंग... अवो माय, रंग! तीस वर्षं ज्या मानसाच्या हाताखाली पोरं शिकली, त्यानं कोनाले सांगाव?

"मले भेव लागते, रुख्मा," हे हळूच म्हने. "झोपेतबी तो आवाज येते. मशीन आनलं अन् मी नुसताच उभा राह्यलो, तं लोक काय म्हनतीन? तू काय म्हनशील?"

एरवी मी पन्नास गोष्टी बोलली असती. "मी काय म्हनन?" मी म्हनलं. "मलेबी भेवच लागते. तुमी शेडमधे गेले तरी लागन, नाई गेले तरी लागते. मंग दोघं मिळून भेऊ ना. एकट्यानंच काहून भेता?"

अन् मी आपला हात पात्यावर ठेवला. थंड होतं. हळदीचं बोट माह्या अंगठ्याले लागलं. "पाहा, आज सुटीवर आहे ते. आज कोनाचं काही घेत नाई." मी त्याले हळूच ढकललं, ते अर्धा गरका फिरून थांबलं.

हे पाहत राह्यले. मंग यायनं तो शेंडे गेलेल्या बोटांचा हात आनला अन् माह्या हाताच्या बाजूले टेकवला. कितीतरी वेळ नुसता टेकवून ठेवला. मंग पातं फिरवलं. पुन्हा फिरवलं. वाकून, पेटीले कान लावून, डोळे मिटून आयकलं. मांडीवरचं लेकरू झोपलं का पाहाव, तसं. डोळ्यातून पानी चाललं होतं, ते पुसलंबी नाई.

"बेअरिंग चांगलं आहे," हे म्हने. "लय चांगलं आहे."

चहा झाला. सौदा ठरला, विसाराचे पैसे देल्ले. निंगताना प्रमोदिनीबाई दाराशी थांबल्या. "एक मागणं आहे. बसवलं की मला फोनवर त्याचा आवाज ऐकवा. हे घर फार गप्प झालंय." मी त्यायचा हात धरला. म्हनलं, "आयकवीन, बाई."

दसऱ्याले शेखर स्वतः छोट्या टेम्पोत मशीन घेऊन आला. चार जनांनी उतरवलं, शेडमधे बसवलं, सोनं देल्लं-घेतलं, अन् सगळे गेले. दिवस मावळाले अजून वेळ होता. मी प्रमोदिनीबाईले फोन लावला, फोन खिडकीत ठेवला. यायनं चश्मा घातला, एक फळी टेबलावर ठेवली, आडोशाले टेकवली, अन् बटनाजवळ हात नेला. हात तिथंच राह्यला.

मी बटन दाबू शकत होती. नाई दाबलं. मी नुसती जाऊन यायच्या पाठीमांगं उभी राह्यली, चिकटून, म्हनजे मी आहे हे यायले कळाव.

हे गर्रकन वळले.

"अवं, तिथं काय उभी राह्यली!" एवढ्या जोरात ओरडले, की टिन वाजलं. "पात्याच्या रेषेत उभं राह्यते का कोनी? लाकूड उसळलं तं सरळ पोटात! हो इकडं, बाजूले! अन् तो पदर? मशीनजवळ पदर लोंबत ठेवते? खोस आधी! कितीदा सांगाव तुमाले!"

'तुमाले' म्हने! जसा मी एकटी म्हनजे आयटीआयचा पुरा वर्गच. दंडाले धरून मले भिंतीजवळ नेलं, पायानं जमिनीवर रेघ मारली. "ह्याच्या अलीकडं याचं नाई." अन् तनतनत माघारी गेले, अन् त्या तनतनीतच बटन दाबलं.

मशीन घुमलं. ओरडलं नाई, नुसतं घुमलं. फळी सरळ चिरत गेली, भुशाचा वास शेडभर झाला. खिडकीतल्या फोनमधून बाई काहीतरी बोलत होत्या, मले आयकू आलं नाई. मी पदर खोसून, रेघेच्या पलीकडं, मुकाट्यानं उभी होती. उभ्या जन्मात मी कोनाचं असं मुकाट्यानं आयकलं नाई.

यायनं मशीन बंद केलं, पातं थांबेपर्यंत वाट पाह्यली, मंग माह्याकडं पाह्यलं.

"रडून काहून राह्यली?"

"भुसा गेला डोळ्यात," मी म्हनलं.

"मंग चश्मा घाल," हे म्हने. "अन् दुसरी फळी दे."