मानेवरची जागा

मी एक जुनी डमी आहे. कपड्यांच्या दुकानात साडी नेसवून, एक पाय जरासा पुढे ठेवून उभी करतात ना, तीच. मला डोकं नाही. तुटलं-बिटलं नाही हं, ते बसवलंच नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, डोकं नाही तर ही बया बोलते कशी आणि बघते कशी? मित्रांनो, झोपेत तुम्हाला स्वप्नं दिसतात ती कुठल्या डोळ्यांनी दिसतात, तेवढं आधी सांगा. मग माझं विचारा.

माझा जन्म उल्हासनगरचा. पत्र्याच्या शेडमध्ये, साच्यातून काढलेली मी फायबरची पोर. पॉलिश पेपरने घासून घासून मला गुळगुळीत केलं. माझ्या शेजारच्या सगळ्या डोकेवाल्या होत्या. लाल ओठ, काळ्या पापण्या, नुसता तोरा. पण मला घ्यायला आलेले सिंधी शेठ पक्के व्यवहारी. म्हणाले, "साईं, गिऱ्हाईक कपडा बघायला येतं, थोबाड बघायला नाही. ही बिनडोक्याची दे." झालं, अशी मी बाजारातल्या दुकानात काचेमागे उभी राहिले.

तिथे मला चांगुणा भेटली. चामटोली गावची पोर. रोज सकाळी दुकान उघडलं की मला साडी नेसवायचं काम तिचं. सावळी, रुंद कपाळाची, आणि डाव्या भुवईत मधोमध खाच. लहानपणी बकरीने शिंग मारलं होतं, तिथे केस पुन्हा उगवलेच नाहीत. ही गोष्ट ती येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला हसत हसत सांगायची. काम करताना टाचण्या ओठांत धरायची. शेठ ओरडायचे, "अगं, गिळशील एखादी!" पण ऐकेल ती चांगुणा कसली.

मला मात्र ती बोलल्याशिवाय हात लावत नसे. टाचण्या तोंडात घालण्याआधी म्हणायची, "काय गं बिनडोके, आज कुठला रंग?" मग निऱ्या खोचायची आणि पदर बसवायला माझ्या मागे जायची. मागून पदर ओढताना तिची हनुवटी बरोब्बर माझ्या मानेवर यायची. समोर गिऱ्हाइकांचा मोठा आरसा होता. त्या क्षणी आरशात मी अख्खी दिसायचे, अंग माझं आणि चेहरा तिचा. खोटं कशाला बोलू, दिवसभरात मला तेवढीच घडी आवडायची.

एके दिवशी चांगुणा आली नाही. तापाचं निमित्त झालं म्हणे. पुढच्या आठवड्यात शेठ कुणाला तरी सांगत होते, "लडकी अच्छी थी." त्यातल्या त्या 'थी'वरून मला कळलं. मला फार वाईट वाटलं, पण रडायचं कशाने? नव्या मुलीने मला साडी नेसवली तेव्हा ती समोरूनच पदर टाकून मोकळी झाली. त्या दिवसापासून आरशात माझ्या मानेवर कुणी आलं नाही.

पुढे दुकानाला नवा रंग लागला, नव्या चकचकीत डमी आल्या. गरज सरो आणि वैद्य मरो! मला मागच्या खोलीत टाकलं. बरीच वर्षं मी रिकाम्या खोक्यांच्या सोबतीने काढली.

तिथून मला यशोधराने सोडवलं. ही बदलापूरच्या शिरगावातली. नवरा विक्रांत अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. ती शेठकडून कापड न्यायची, साड्यांना फॉल-पिको करून, गोंडे लावून विकायची. तिची खासियत म्हणजे निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या. बौद्ध घरांतल्या लग्नाला, बुद्ध पौर्णिमेला आपल्या बायका नेसतात त्या. दुकान वगैरे काही नाही, सगळा धंदा फोनवर.

तिने हौसेने मला पांढरी साडी नेसवून फोटो टाकले. लोकांनी काय लिहावं? "ताई, भूत उभं केलंय का?" आता पांढरी साडी आणि वर डोकंच नाही, म्हटल्यावर लोकांचं तरी काय चुकलं! पण यशोधराचा चेहरा पडला. वर "प्राइस काय?", "कलर जातो का?" असल्या प्रश्नांना उत्तरं देता देता तिच्या नाकी नऊ यायचे. भाजी करपायची, शिलाई राहायची.

मग विक्रांत म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? सगळं ॲपवर टाकू ना." त्याने एक ॲप घेतलं. नेहमीच्या प्रश्नांना उत्तरं आपोआप जाऊ लागली. खोक्यावर चिकटवायचा पत्ता आपोआप छापून येऊ लागला. कुठल्या साड्या संपत आल्या तेही फोनच सांगे. खरं सांगते मित्रांनो, त्या यंत्राने माझ्या यशोधराला संध्याकाळ परत दिली. ती गॅलरीत बसून गरम चहा पिऊ लागली, आणि मला त्याचं कौतुक वाटलं.

त्याच ॲपमध्ये आणखी एक सोय होती. डमीचा फोटो टाकला की ते तिच्या जागी जिवंत बाई दाखवायचं, हात, केस, चेहरा सगळं. विक्रांतने तयार चेहऱ्यांतला एक गोरा, हसरा चेहरा निवडला आणि माझा फोटो टाकला. फोनवर गोल चक्र फिरलं. फोटो आला, पण चेहरा भलताच. सावळा, रुंद कपाळाचा, असं दोघं म्हणत होते.

"बग असेल," विक्रांत म्हणाला. त्याने दुसरा चेहरा निवडला, तिसरा निवडला. दर वेळी तीच बाई. यशोधरा मात्र खूश. "राहू दे रे. आपल्यातली वाटते."

आणि खरंच, बायकांना ती आपल्यातलीच वाटली. साड्या धडाधड जायला लागल्या. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती, यशोधराला मान वर करायला फुरसत नव्हती. मला तो फोन दिसत नव्हता, त्यामुळे माझ्या मानेवर कोण बसलंय ते मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी विक्रांतने फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "यशू, हिची भुवई बघ. मधेच कापलीय. आणि हे तोंडात काय आहे?"

यशोधराने फोन जवळ घेतला. "टाचण्या आहेत," ती म्हणाली. "विक्रांत, ही बाई ओठांत टाचण्या धरून उभी आहे."

माझ्या अंगावर काटा येत नाही, यायला कातडी कुठे आहे? पण त्या दुपारी मला आतून गार लागलं, आणि मी आतून पोकळ आहे हे तुम्हाला माहीतच आहे.

यशोधरा घाबरली. तिने एकूण एक फोटो काढून टाकले. मला जुन्या चादरीत गुंडाळून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवलं. तिचा राग नाही मला. पण ते मे महिन्याचं ऊन! माझ्या खांद्याचे पोपडे निघाले. मी चांगुणाचा चेहरा आठवत राहिले आणि तो हळूहळू पुसट होत गेला. आधी नाक गेलं, मग हसू गेलं. शेवटी भुवईतली खाच तेवढी उरली.

पुढचं यशोधराच्याच तोंडून नंतर ऐकलं. एका दुपारी दारात दोन म्हातारी माणसं आली. चामटोलीचे रामभाऊ आणि त्यांची बायको रखमा. रामभाऊंच्या हातात खोक्याचा फाडलेला तुकडा होता, त्यावर यशोधराचा पत्ता.

"जय भीम, ताई," रामभाऊ म्हणाले. "आमच्या शेजारच्या सुनेनं साडी मागवलीती. तिच्या फोनमदी बाईचा फोटू पायला म्या. ती माझी पोर हाय. चांगुणा."

यशोधराला धीर आला. कुणाची तरी मुलगी आहे म्हणजे भुताटकी नाही. "मग ताईंना विचारा ना बाबा, मी त्यांचा फोटो मुद्दाम नाही वापरला."

"कुणाला इचारू? माझ्या हातानं अग्नी दिलाय तिला."

यशोधरा म्हणाली, "बाबा, ती बाई खरी नाही हो. फोनने बनवलेली आहे."

"फोनला माझ्या पोरीची भुवई कशी म्हाईत?"

यशोधराने दोघांना आत बसवून पाणी दिलं. रामभाऊंनी मग सगळं सांगितलं. चांगुणाचा एकच फोटो घरात होता. पुराचं पाणी शिरलं त्यात पेटीसकट गेला. आता रखमाबाईंची नजर चालली होती. दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले होते. रामभाऊ फोटो बघून घरी धावले, रखमाबाईंना घेऊन शेजारी गेले, तोवर यशोधराने सगळे फोटो काढून टाकले होते.

"मला तिचं तोंडच आठवंना झालंय गं," रखमाबाई म्हणाल्या. "एकडाव दाव. मग डोळं जाऊ देत."

यशोधराने गिऱ्हाइकांना विचारलं, कुणाकडे स्क्रीनशॉट आहे का. एकीने लगेच पाठवला. त्यात साडी होती, काठ होता, पदर होता. मानेवर काही नव्हतं. नुसती मी.

तिने हँगरवर साडी टांगून ॲपमध्ये नवा फोटो टाकला. गोरी बाई आली. दुसरा टाकला, दुसरी गोरी आली. रखमाबाई फोन डोळ्याशी नेऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. "ही नव्हं. ही बी नव्हं."

तेव्हा रामभाऊंनी विचारलं, "त्या टायमाला साडी नेसून उभं कोन व्हतं?"

थोड्या वेळाने गच्चीचं दार वाजलं. विक्रांतने माझी चादर सोडली, कबुतरांची घाण पुसली आणि मला खांद्यावर टाकून खाली आणलं. घरात दोन म्हातारी माणसं माझ्याकडे टक लावून बसलेली. "माझ्या चांगुणाला दाव गं," रखमाबाई म्हणाल्या, तेव्हा मला समजलं हे कशासाठी आलेत, आणि मी हादरले. कारण मला आठवत नव्हतं! ज्या चेहऱ्यासाठी ती बाई एवढ्या उन्हात आली होती, तो चेहरा मला आठवत नव्हता.

यशोधराने मला पांढरी साडी नेसवायला घेतली. तिने टाचण्या ओठांत धरल्या. निऱ्या खोचल्या. पदर बसत नव्हता म्हणून ती माझ्या मागे गेली. समोर कपाटाचा आरसा. तिची हनुवटी माझ्या मानेवर आली, आणि अगदी कानाशी, मला कान नाहीत तरी कानाशीच, आवाज आला.

"काय गं बिनडोके, आज कुठला रंग?"

यशोधराच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला बोलताच येत नव्हतं.

त्या आवाजासरशी सगळं परत आलं. कपाळ, नाक, हसू, सगळं. जिवात जीव येणं म्हणतात ते हेच असावं. मी ताठ उभी राहिले. विक्रांतने फोटो काढला, ॲपमध्ये टाकला. चक्र फिरू लागलं. वर पंखा चालू होता.

फोटो आला. विक्रांतने तो बघितलाही नाही, फोन सरळ रखमाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नाकापर्यंत जवळ नेला. किती तरी वेळ त्या बघत राहिल्या. मग एक बोट काचेवरून हळूच फिरवलं, पोरीच्या कपाळावरचे केस बाजूला करावेत तसं.

"केस पिकलं गं बाय तुझं," त्या म्हणाल्या.

रामभाऊंनी वाकून बघितलं आणि ते भिंतीला टेकले. यशोधराने फोन घेतला तेव्हा आरशात मलाही तो फोटो दिसला. भुवईत तीच खाच. पण कानाजवळचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या, अंग जरा भरलं होतं. ओठांत टाचण्या नव्हत्या. आईकडे बघून ती हसत होती.

मित्रांनो, मी आतापर्यंत समजत होते की तो चेहरा मीच आठवून देते. पण मी चांगुणाला पाहिलं ते काळ्याभोर केसांची, लग्नाची बोलणी चाललेली पोर असताना. असं वय झालेलं मी तिला कधी पाहिलंच नाही. कुणीच पाहिलं नाही.

रखमाबाई फोन उराशी धरून पोटभर रडल्या, मग पोटभर बोलल्या. शेजारणीची सून कशी आहे, बकऱ्या विकल्या, बाबांचं गुडघ्याचं दुखणं, सगळं तिला सांगितलं. यशोधराने चहा ठेवला. कुणी त्यांना थांबवलं नाही. जाताना त्या माझ्यापाशी आल्या आणि माझा पदर नीट केला. संध्याकाळी विक्रांतने फोन उघडला, तर त्या फोटोत साडी होती आणि नुसती मी.

यशोधराचा धंदा आता छान चाललाय. उत्तरं ॲपच पाठवतं, पत्ते ॲपच छापतं. चेहऱ्याची सोय मात्र तिने बंद केली. ती स्वतः साडी नेसते, माझ्या शेजारी उभी राहते आणि विक्रांत फोटो काढतो. रोज सकाळी माझी धूळ पुसताना ती आता मला विचारते, "काय गं, बरी आहेस ना?"

मित्रांनो, तुमच्याही हातात अशी यंत्रं येतील. जरूर वापरा, त्यांनी माणसाचे कष्ट वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि बाजारात एखादी जुनी, बिनडोक्याची डमी दिसली तर खुशाल हसा, माझी ना नाही. तिची धूळ पुसा, तिला उन्हात टाकू नका, एवढीच विनंती. आणि तिच्या मानेवरची जागा रिकामी आहे, असं मात्र म्हणू नका.