फवाऱ्याआधीची ऊब

त्या रविवारी आईने माझ्या लॅपटॉपमधल्या सहाय्यकाला जावई म्हणायला सुरुवात केली.

"बोलायला गोड आहे हो," चष्मा कपाळावर चढवत ती म्हणाली, "पण घरात पाऊल टाकलं नाही तोच सांगतो, हे कपाट तिकडे सरकवा. अरे बाबा, ते कपाट इथे का आहे, एवढं तरी विचार!"

जावई म्हणजे कोड लिहायला मदत करणारा एआय. आमच्या ऑफिसात तो सगळ्यांच्या हाताशी असतो, आणि आईची तक्रार तीच आमचीही होती. समोरचा कोड तो झरझर वाचतो, पण तो कोड असा का झाला हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ऑफिसातल्या आम्ही तिघांनी मिळून एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तोच मी आईला दाखवत होते. कोडमधला प्रत्येक बदल साठवून ठेवलेला असतो: कुणी केला, कधी केला, काय खोडलं, काय घातलं. आमचा प्रोग्राम हा सगळा इतिहास चाळून सहाय्यकाला मोजक्या गोष्टी सांगतो. कोणत्या फाइलला सारखा हात लागतो, कोणत्या फाइली जोडीने बदलतात, कुठला बदल करून मागे घेतला. हे सगळं आपल्याच मशीनवर होतं. सहाय्यकही तिथेच राहतो, बाहेर काही जात नाही.

"म्हणजे घरजावई. हे बरंय," आई म्हणाली. "घरच्या भानगडी घरातच राहतील."

समोर बसलेल्या मावशीला हसताना चहाचा ठसका लागला. मावशी म्हणजे आईची शाळेपासूनची मैत्रीण. तिची अंडी उबवण्याची हॅचरी आहे आणि तिथल्या यंत्रांचा प्रोग्राम आईचा: आत उष्णता किती, ओल किती, ट्रे कधी कलवायचे. त्यातला पाण्याच्या फवाऱ्याचा भाग तेवढा माझा, कॉलेजच्या सुट्टीत लिहिलेला. तुझा भाग, माझा भाग अशी आमच्यात सरळ वाटणी होती. माझा भाग एकदाही बिघडला नाही, हे मी येताजाता ऐकवायचे.

"लेकीला हे सगळं तूच शिकवलंस ना गं?" मावशीने विचारलं.

"छे! ती आपली आपणच शिकली."

मी मान डोलावली. कुणीही विचारलं तरी मी हेच सांगत आले होते.

"माझ्या कोडवर सोड की तुझा घरजावई," आई म्हणाली. "बघू तरी माझं काय काय बाहेर काढतो."

"पुढच्या रविवारी नक्की. आज निघायला हवं."

"ये सावकाश. मी कुठे पळून जातेय?"

गुरुवारी दुपारी ती गेली. खुर्चीत बसल्या बसल्या, डॉक्टर पोहोचायच्या आत. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

तीनेक महिन्यांनी मावशीचा फोन आला. "अगं, मशीनने मान टाकली. तू ये."

हॅचरीत दोन मोठ्या यंत्रांच्या खोल्या आहेत. पहिलीत अंडी बहुतेक दिवस उबतात. शेवटचे तीन दिवस त्यांना दुसऱ्या खोलीत हलवतात आणि तिथे हवेतली ओल वाढवतात. ओल कमी पडली तर कवचाखालचा पापुद्रा सुकतो आणि पिल्लू आतच अडकून मरतं. बिघाड नेमका या दुसऱ्या खोलीत होता. तापमान मोजणारा सेन्सर गेला होता आणि तसा सेन्सर आता कुणी बनवत नाही. वायरमनने नवा बसवला, पण आईच्या प्रोग्रामला त्याची भाषा कळेना.

"संध्याकाळपर्यंत अंडी हलवायचीत," मावशी दारातच म्हणाली. "नाहीतर मी बादली आणि थर्मामीटर घेऊन आत बसते. पूर्वी करायचेच. पण तेव्हा माझे गुडघे माझं ऐकायचे."

ती चेष्टा करत होती, पण अख्खा हंगाम त्या ट्रेंमध्ये होता. तिचा हात माझ्या मनगटावरून निघत नव्हता.

आईचा कोड मी ती गेल्यापासून उघडला नव्हता. हॅचरीच्या ऑफिसातल्या लोखंडी टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि तो कोड उघडला. आधी वाचलं ते तिने प्रत्येक बदलाशी लिहिलेले शेरे, कारण तिथे काही खुलासा सापडेल असं वाटलं. 'केलं.' 'पुन्हा केलं.' 'आता नीट केलं.' वर्षानुवर्षं हेच. मला एकटीलाच हसू फुटलं.

घाई होती, म्हणून मी सरळ सहाय्यकाला कामाला लावलं. त्याने नव्या सेन्सरची भाषा लगेच जुळवून दिली. वर एक सूचना केली: आत तापमान योग्य असतानाही उष्णतेची फाइल ठरावीक वेळाने हीटर थोडा चालवते, याचं कारण कोडमध्ये कुठेच दिसत नाही, हा भाग काढावा. मलाही कारण दिसलं नाही. काढला.

रिकामी खोली चालू केली. वायरमन खोलीच्या दाराच्या काचेशी उभा राहिला, मी पडद्यावरच्या तापमानाच्या रेषेकडे बघत होते. रेषा सरळ जात होती. मग छताखालून फवारा सुटला आणि रेषा खड्ड्यात पडावी तशी खाली गेली. सावरेपर्यंत पुढचा फवारा सुटला.

"अंडी गारठणार," वायरमन म्हणाला.

सहाय्यक म्हणाला, हीटर जास्त जोराने चालवू. तसं केलं, तर रेषा खड्ड्यातून निघाली ती थेट डोंगरावर चढली.

"काय म्हणतोय जावई?" मावशीने शेजारच्या खोलीतून ओरडून विचारलं.

"कपाटं हलवतोय!" मी ओरडले, आणि तोंडातून शब्द गेल्याबरोबर लक्षात आलं. ते कपाट तिथे का आहे, हे मीही विचारलं नव्हतं. पुढचा रविवार राहिलाच होता.

मी आमचा प्रोग्राम आईच्या कोडवर सोडला. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. सगळा इतिहास तिथल्या तिथे, त्या पत्र्याच्या छपराखाली, चाळला जात होता. परीक्षेचा निकाल लागताना बघावं तशी मी पडद्याकडे बघत होते.

पहिली गोष्ट आली. फवाऱ्याची फाइल आणि उष्णतेची फाइल यांचा एकमेकींशी काहीही थेट संबंध नाही. तरीही फवाऱ्याची फाइल बदलली की पाठोपाठ उष्णतेची बदललेली आहे. दर वेळी. पहिली बदलणारी व्यक्ती एक, दुसरी बदलणारी दुसरी.

पहिली व्यक्ती मी होते.

दुसरी गोष्ट त्याखाली होती. फवाऱ्याच्या फाइलमध्ये दुसऱ्या व्यक्तीने एकदाच बदल केला आणि त्याच दिवशी तो मागे घेतला.

मी तो बदल उघडला. मी लिहिलेला फवारा एका दमात लांबलचक सुटायचा. थंड पाणी, त्यामुळे आतली हवा एकदम गार. आईने तो तोडून लहान लहान फवाऱ्यांत वाटला होता. दोन ओळींचं काम. मग ते खोडून माझं होतं तसं परत ठेवलं होतं. त्यापुढे शेरा होता: 'नको.'

आणि लगेच पुढे, स्वतःच्या फाइलमध्ये, चाळीसेक ओळी. माझा फवारा घड्याळावर सुटायचा. तेच घड्याळ बघून ती त्याच्या जरा आधी हीटर चालवायची, म्हणजे माझं गार पाणी पडायच्या आत खोलीत तेवढी ऊब जमलेली असायची.

पहिल्या दिवशी पहिल्याच फटक्यात माझा भाग चालला, म्हणून मी या खोल्यांसमोर नाचले होते. आई म्हणाली होती, "चाललं की गं!"

मी खुर्चीवरून उठलेच. "मावशी! मावशी, इकडे ये!"

शेजारच्या अंधाऱ्या खोलीतून ती आली. ती अंडी दिव्यावर धरून तपासत होती, तशी न फोडता आतल्या रक्तवाहिन्या दिसतात, आणि एक अंडं अजून तिच्या मुठीत होतं. "काय झालं? जीव घेशील माझा!"

"हे बघ. हा माझा बदल. हा तिचा. पुन्हा माझा, पुन्हा तिचा." मी पडदा सरकवत राहिले. दर खेपेला माझा फवारा थोडा आखूड झाला होता आणि दर खेपेला तिने आपली आगाऊ ऊब तेवढीच कमी केली होती. मधल्या काळात काय झालं ते या इतिहासात नव्हतं, ते मला आठवत होतं. ती चहा पिता पिता काहीतरी विचारायची. फवारा सुटल्यावर आत कसं वाटत असेल गं? पाणी थंड असतं का कोमट? मी म्हणायचे, काहीतरीच काय विचारतेस. आणि दोन दिवसांनी फवारा आखूड करायचं मला 'आपोआप' सुचायचं.

मावशीने वाकून पडद्याकडे पाहिलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "पण ही बाई अशीच होती. शाळेत माझी गणितं चुकली, तर स्वतःचीही एखाददोन चुकवायची."

आता मी सहाय्यकाला हे सगळं दिलं: जोडीने बदलणाऱ्या फाइली, मागे घेतलेला बदल, माझ्या फवाऱ्याबरोबर तिच्या उबेचं कमी होत जाणं. या वेळी तो वेगळंच बोलला. हीटरचा तो भाग अनावश्यक नाही, परत ठेवावा, तो फवाऱ्याच्या लांबीवर अवलंबून आहे. नवा सेन्सर जुन्यापेक्षा चपळ आहे, म्हणून ऊब किती आधी द्यायची ते नव्याने मोजावं लागेल. आणि फवाराच आणखी आखूड केला तर सगळंच सोपं होईल.

"आला ताळ्यावर," मावशी म्हणाली.

आईने खोडलेल्या त्या दोन ओळी मी माझ्या हाताने माझ्या फाइलमध्ये लिहिल्या. मग तिच्या फाइलमध्ये गेले, काढलेला भाग परत ठेवला आणि आगाऊ उबेचा तिचा आकडा लहान केला. दोन्ही बदल एकदम साठवले. शेरा काय लिहावा याचा विचार करावा लागला नाही. 'आता नीट केलं.'

खोली पुन्हा चालू केली. हीटर जरासा लागला. पाणी सुटलं, थांबलं, सुटलं. रेषा किंचित थरथरली आणि तशीच सरळ पुढे गेली. पुढचा फवारा. सरळ. त्याच्या पुढचा. वायरमनने काचेवर थाप मारली आणि मावशी, गुडघ्यांसकट, जागच्या जागी उडी मारायला गेली.

"अगं, हातात अंडं आहे!" मी ओरडले.

संध्याकाळच्या आत सगळे ट्रे दुसऱ्या खोलीत गेले.

पिल्लं निघायच्या सकाळी मी पुन्हा तिथे होते. काचेआड आधी नुसता टिकटिक आवाज होता, मग एका अंड्यावर तडा, मग शेजारच्यावर, मग कुठे बघावं ते कळेना. ओली, पिसं अंगाला चिकटलेली, हडकुळी पिल्लं कवचं ढकलत बाहेर पडत होती आणि बघता बघता सुकून पिवळी होत होती. गलका एवढा की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मावशी डोळे पुसत पिल्लांनाच दम देत होती, "हळू, हळू, ढकलाढकली नको!"

वायरमन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "ताई, कमाल केलीत. हे सगळं कुठे शिकलात तुम्ही?"

जुनं उत्तर जिभेवर आलंच होतं. छताखालचा हीटर लाल झाला. अजून फवारा सुटला नव्हता.

"आईकडे," मी म्हणाले.

त्या गलक्यात त्याला ऐकू गेलं नसावं. त्याने कानाला हात लावला. मी काचेकडे तोंड केलं आणि या वेळी मोठ्याने, त्याला नव्हे, म्हणाले, "आई, मी आपली आपण नाही शिकले. तू शिकवलंस मला. सगळं तू शिकवलंस."

आणि पाणी सुटलं.