पात्यावरचा नांगर

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही ओहोटीला. तरी जुन्या आरमारी तलवारी ओळखणं आणि जमवणं हा माझा छंद आहे. अंबडला राहून असला छंद करणाऱ्याला लोक काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. बहुधा बरोबरच म्हणत असावेत. ग्रंथालयाच्या नोकरीत पुस्तकं वाचून हे ज्ञान जमलं. तलवारी दोनच जमल्या. त्यातली एक बँडवाल्याची निघाली.

केदारखेडा गावातल्या माझ्या ओळखीच्या सांडूचा फोन आला. "सर, आमच्या घरची तलवार पाहायची म्हणत होते ना? मंग जल्दी या. पोराचं लग्न हाय, तिला चकाचक करून राह्यलो."

मी पोचलो तेव्हा तो ग्राइंडरची वायर जोडत होता. तलवार बाजेवर पडली होती. मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड. मूठ शार्कच्या कातडीची. पात्यावर गंजाखाली कोरलेला नांगर, त्याला गुंडाळलेला दोर. इंग्रजी आरमारातल्या अधिकाऱ्याची तलवार, शंभर टक्के. म्हणजे, नव्वद. ग्राइंडर एकदा फिरला की ते कोरीव काम साफ होणार होतं.

"थांबा," मी म्हणालो. मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो, "घासू नका. पात्यावर नांगर आहे."

सांडूची आई गोपिकाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. "काय हाय?"

"नांगर."

ती ताडकन उठून आली. "बघू दे! अगं माय, कासरा बी हाय की! आन हे बैलाचं तोंड."

"सिंह आहे तो."

"शिंगं झिजली असतील, सर. माझ्या सासऱ्याचा बैल असाच दिसायचा."

"बाई, हा शेतातला नांगर नाही. जहाजाचा. लंगर म्हणतात बघा, तो."

"लंगर?" सांडू म्हणाला. "नांदेडला गुरुद्वारात जेवाय देतेत, तो?"

"नाही, जहाज थांबवायला पाण्यात टाकतात तो."

"सर, आमच्या नदीत म्हैस बुडत न्हाई. जहाज कुठून आलं?"



"सांड्या, काढ ती वायर," गोपिकाबाई कडाडली. "बापजाद्यांचा नांगर घासून राह्यला, लाज न्हाई?"

"माय, नवरदेवाच्या हातात गंजकी तलवार देऊ का?"

"त्याला आण बाजारातली चमकणारी. ही देवघरात बसंल."

मी खरं तर ती तलवार मागायला आलो होतो. आता देवघरातून मागायची म्हणजे मारच खायचा. अजून एकदा समजावून सांगावं का? मग ती जहाजाची ठरणार, परकी होणार, आणि सांडू पुन्हा वायर जोडणार.

"सर, तुम्ही शिकलेले माणसं," गोपिकाबाई म्हणाली. "खरं सांगा, नांगरच हाय ना?"

"बिलकुल. नांगरच आहे," मी म्हणालो. इतक्या खात्रीने मी कधीच काही बोललो नव्हतो, आणि शब्दकोश माझ्या बाजूने होता. "फक्त पाणी लागू देऊ नका. अधूनमधून तेल लावा."

"पोळ्याला लावू की," ती म्हणाली. "बैलांच्या शिंगांसंगं."